ओसरत्या पाण्याची देवी

नदीला माय म्हणणारी माणसे फक्त आपल्याच देशात झाली, असा आपला एक भाबडा समज असतो. गंगा, गोदा, कृष्णा, भीमा, इंद्रायणी यांच्या काठी ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यांना तसे वाटणे साहजिक आहे. परंतु इतिहास उघडून पाहिला, तर जिथे जिथे लोकांचे अन्न एका नदीच्या ओंजळीतून येत होते, तिथे तिथे माणसाने त्या नदीपुढे हात जोडलेले दिसतात. त्यात मिसर देश, ज्याला आज आपण इजिप्त म्हणतो, तो अग्रभागी आहे. त्या देशाच्या दक्षिण वेशीवर, नाईल नदीच्या खडकाळ पात्रात, अनुकेत नावाच्या देवीची पूजा दोन हजारांहून अधिक वर्षे चालली. त्या देवीचा आणि तिच्या उपासनेचा विचार या लेखात करायचा आहे.

येथे कोणी शंका घेईल. वारकऱ्याचे दैवत एक, त्याची निष्ठा अनन्य. त्याने परक्या देशातील, पूजा बंद पडून शतके लोटलेल्या देवतेचा विचार कशाला करावा? याचे समाधान असे. अनन्यता ही उपासनेतली गोष्ट आहे; तिने ज्ञानाला कुंपण घातलेले नाही. पतिव्रतेची निष्ठा एके ठिकाणी असते, म्हणून ती शेजारघरच्या वडीलधाऱ्यांचा अनादर करीत नाही. पूजा पांडुरंगाचीच करावी. परंतु दुसऱ्या लोकांनी ईश्वराच्या कृपेला कोणत्या नावाने हाक मारली, हे समजून घेतल्याने आपल्या निष्ठेला बाध येत नाही. उलट आपल्याच घरातील एखादी वस्तू आपल्याला नव्याने दिसते. अनुकेतेच्या कथेत तसेच आहे, ते शेवटी पाहू.

आधी देश पाहावा. नाईल ही ६,६०० किलोमीटरहून अधिक लांबीची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. मिसर देशात पाऊस जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना वाळवंट, आणि मधून नदीच्या दोन काठांवर हिरवी पट्टी. त्या पट्टीवर सारा देश जगला. नदीने आणलेल्या गाळामुळे ती जमीन काळी होती, म्हणून तिथल्या लोकांनी आपल्या देशाला 'केमेत' म्हटले. केमेत म्हणजे काळी भूमी. आपला शेतकरी शेताला काळी आई म्हणतो, त्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हा गाळ यायचा कोठून? आपल्या आषाढ, श्रावण, भाद्रपदात इथिओपियाच्या डोंगराळ पठारावर मोसमी पाऊस कोसळतो. त्याचे पाणी निळी नाईल आणि अटबारा या नद्यांतून नाईलला मिळते. दक्षिणेस आस्वान येथे जूनच्या अखेरीस पाणी चढू लागे आणि सप्टेंबरच्या सुमारास पूर भरास येई. मिसरच्या शेतकऱ्याला तो पाऊस कधी दिसला नाही. वर निरभ्र आकाश, खाली ऐन उन्हाळा, आणि नदी मात्र दिवसेंदिवस वर येते आहे. ज्याचे कारण दिसत नाही आणि ज्यावाचून जगता येत नाही, अशा गोष्टीपुढे माणूस नम्र होतो. म्हणून त्यांचे वर्षच नदीने ठरवलेले होते. चार चार महिन्यांचे तीन ऋतू. पहिला 'अखेत', म्हणजे पुराचा. दुसरा 'पेरेत', म्हणजे जमीन पाण्यातून वर येण्याचा व पेरणीचा. तिसरा 'शेमू', म्हणजे कापणीचा. 'पेरेत' ऐकताच आपल्याला पेरणी आठवते. तो केवळ योगायोग आहे, त्यावरून नाते जोडू नये. पण लक्षात ठेवायला शब्द सोपा आहे.

आता आस्वानच्या जवळ येऊ. येथे नाईलच्या पात्रात ग्रॅनाइटचे प्रचंड कातळ आडवे पडलेले आहेत. त्यांतून वाट काढताना पाणी खळाळते, फेसाळते, घुमते. याला नाईलचा पहिला खळाळ म्हणतात. दक्षिणेकडून येणारा पूर मिसर देशात पाऊल टाकतो तो येथे. त्यामुळे पुराचा उगमच येथील कातळांखालच्या गुहांमध्ये आहे, अशी जुन्या लोकांची श्रद्धा होती. पात्रात अनेक बेटे आहेत. त्यांतील मोठ्या बेटाला ग्रीकांनी एलिफंटाइन हे हत्तीवरून नाव दिले. आपल्या घारापुरीला पोर्तुगीजांनी तेथील दगडी हत्तीवरून एलिफंटा म्हटले, तसेच हे. त्याच्या दक्षिणेस सेहेल नावाचे लहान बेट आहे. हे बेट अनुकेतेचे.

या भागात तीन देवता एकत्र पूजिल्या जात. पहिला ख्नूम, मेंढ्याच्या मुखाचा देव. तो कुंभार आहे; चाकावर माती ठेवून तो माणसे घडवतो. गोरोबाकाकांच्या परंपरेतल्या आपल्याला हा देव फार परका वाटू नये. दुसरी सातेत, तिच्या मुकुटाला हरिणाची लांब शिंगे. तिसरी अनुकेत, तिच्या मस्तकावर उंच पिसांचा मुकुट असतो, आणि हरिणी हा तिचा प्राणी. काही ठिकाणी तिला ख्नूम आणि सातेत यांची कन्या मानले आहे, काही ठिकाणी ख्नूमची सहचरी. दैवतांची नाती काळाप्रमाणे बदलतात, हे आपल्या पुराणांच्या अभ्यासकाला नवीन नाही.

तिच्या नावाचा अर्थ अभ्यासक 'कवेत घेणारी' असा लावतात. बेटाला दोन्ही बाजूंनी वेढून जाणारे पाणी ज्याने पाहिले, त्याला हे नाव का सुचले ते कळते. परंतु कवेत घेणे याचा येथे आणखी खोल अर्थ आहे. नंतरच्या काळातील मंदिरांचे लेख आणि चित्रे यांचा अन्वय लावताना अभ्यासकांना असे दिसले की, या दोन देवींची कामे वाटलेली होती. सातेत पूर सोडते. पहाटे व्याधाचा तारा सुमारे सत्तर दिवसांच्या अदर्शनानंतर पूर्वेला पुन्हा दिसला, की पुराची वेळ झाली असे मानीत. त्या ताऱ्याशीही सातेतीचा संबंध जोडलेला आहे. आणि अनुकेत ते पसरलेले पाणी आवरून घेते, मागे नेते. एक देणारी, दुसरी आवरणारी.

पाणी देणाऱ्या देवतेची पूजा कोणीही करील. पाणी ओसरवणाऱ्या देवतेची पूजा करायला मात्र शेतीची जाण आणि मनाची जाण, दोन्ही लागतात. शेतात चढलेले पाणी वेळेवर ओसरले नाही, तर तो पूरच घात करतो. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने हे नोंदवून ठेवले आहे. त्याच्या सांगण्यानुसार नदी बारा हात चढली तर दुष्काळ, तेरा हात चढली तरी भूक. चौदा हातांना आनंद, पंधरांना निश्चिंती, सोळांना सुकाळ. आणि पाणी त्याहून फार चढले, तर ते हळूहळू ओसरते आणि पेरणीची वेळ निघून जाते. म्हणजे कमी पाण्याने जशी उपासमार, तशी जास्त पाण्यानेही. पाणी ओसरले, खाली काळा गाळ राहिला, त्यात बी टाकले, तेव्हाच भाकरी. धरणाचे पाणी हटल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीत पीक घेण्याला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. संपूर्ण मिसर देश हा एक विशाल गाळपेरच होता. म्हणून त्या लोकांनी येणाऱ्या पाण्याइतकाच जाणाऱ्या पाण्यालाही नमस्कार केला.

आता उपासना कशी होती ते पाहू. एलिफंटाइन बेटावर जर्मन आणि स्विस संशोधकांनी १९६९ पासून उत्खनन केले. सातेतीच्या भव्य मंदिराच्या खाली त्यांना जुनी मंदिरे लागत गेली, आणि सर्वांत तळाशी निघाली मोठ्या कातळांमधली एक साधी कपार, विटामातीच्या आडोशाची. काळ सुमारे इ.स.पू. ३०००. तेथे साध्या माणसांनी वाहिलेल्या लहान लहान मूर्ती शेकडोंनी सापडल्या, लेकरांच्या, प्राण्यांच्या. राजेरजवाडे नंतर आले. त्यांनी दगडी मंदिरे बांधली, परंतु जागा हलवली नाही. हातशेप्सुत या राणीने इ.स.पू. पंधराव्या शतकात मंदिर बांधले, तेव्हा वरच्या मंदिरातून खालच्या जुन्या कपारीकडे जाणारी उभी वाट राखून ठेवली. राजवैभव वर आणि भाविकाची कपार खाली, पण दोघांचा संबंध तुटू दिला नाही. हे मला फार मोलाचे वाटते.

अनुकेतेचा उत्सव होत असे, आणि देवी नावेतून निघत असे. दुसऱ्या आमेनहोतेप राजाच्या शिलालेखात, तीन दिवसांच्या तिच्या उत्सवाला त्याने आणखी एक दिवस वाढवून दिल्याची आणि त्यासाठी नैवेद्याची तजवीज केल्याची नोंद आहे. सेहेल बेटाच्या खडकांवर शेकडो लेख कोरलेले आहेत. दक्षिणेकडे जाणारे आणि सुखरूप परतणारे अधिकारी येथे थांबत, देवीपुढे हात उंचावलेली आपली आकृती आणि नाव कोरून ठेवीत. थीब्ज नगरीजवळ, म्हणजे आस्वानपासून दोनशे किलोमीटरवर, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. त्यांच्यातील कासा नावाच्या एका कारागिराने या देवतांना अर्पण केलेला छोटा लाकडी देव्हारा आज इटलीतील तुरिनच्या संग्रहालयात आहे. आणि दक्षिणेस बैत-अल-वाली येथील मंदिरात अनुकेत दुसऱ्या रामसेस राजाला स्तनपान देताना दाखवली आहे. केवढा पराक्रमी सम्राट, पण नदीपुढे तो तान्हे लेकरूच.

परंतु मला सर्वांत भावते ती एक वेगळी नोंद. सेहेलजवळ खळाळातून नावा नेता याव्यात म्हणून तिसऱ्या सेनुस्रेत राजाने, सुमारे इ.स.पू. १८७० मध्ये, एक कालवा करवला. तेथील एका लेखात कालव्याचे काम अनुकेतेसाठी केले असे म्हटले आहे, आणि दुसऱ्या लेखात मापे दिली आहेत : लांबी १५० हात, रुंदी २० हात, खोली १५ हात. हा हात आपल्या हातापेक्षा थोडा मोठा, सुमारे ५२ सेंटिमीटरचा. राजाचा हेतू दक्षिणेच्या स्वारीचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी पहिला थुतमोस राजा आला, तेव्हा कालवा दगडांनी बुजलेला होता. त्याने तो मोकळा करवला. पुन्हा तिसऱ्या थुतमोसला तो बुजलेला आढळला. त्याने मोकळा तर करवलाच, पण त्यापुढे एक आज्ञा खडकावर कोरून ठेवली, की एलिफंटाइनच्या कोळ्यांनी हा कालवा दरवर्षी साफ करावा.

राजे येतात आणि जातात. कालवा एकदा खणणे सोपे, तो दरवर्षी उपसणे कठीण. देवीच्या उत्सवात नावा निघाल्या, नैवेद्य झाले. पण देवीच्या पाण्यातील दगड काढणारे ते अनाम कोळी माझ्या मते तिचे खरे उपासक. सावतोबांनी मळ्यातल्या कामातच देव पाहिला, असे आपण कीर्तनात सांगतो. त्या कोळ्यांनाही तो तसाच दिसला असेल की नाही, ते सांगता येणार नाही. परंतु कामाला पूजा म्हणण्याइतकी योग्यता त्या कामात होती खास.

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. एलिफंटाइनला नदीकाठी पायऱ्यांची एक दगडी वाट पाण्यात उतरते. भिंतीवर मापे कोरलेली. याला नाईलमापक म्हणतात. पाणी किती चढले ते येथे मोजत. स्ट्राबो नावाचा ग्रीक भूगोलकार इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास येथील मापकाचे वर्णन करताना सांगतो की, त्याचा उपयोग शेतकऱ्याला पाण्याच्या नियोजनासाठी आणि अधिकाऱ्यांना महसुलासाठी होई. पाणी जितके वर, तितका कर जास्त. म्हणजे देवीची कृपा हातांनी मोजून तिची वसुली होत असे.

दुसरी गोष्ट सेहेल बेटावरच्या एका प्रसिद्ध शिलालेखाची. याला दुष्काळलेख म्हणतात. विल्बर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तो १८८९ मध्ये उजेडात आणला. त्यात म्हटले आहे की, जोसेर राजाच्या काळी सात वर्षे नदी चढली नाही, अन्न संपले. मग राजाला ख्नूम स्वप्नात दिसला, त्याने पाणी सोडण्याचे वचन दिले, आणि राजाने कृतज्ञतेने नदीच्या दोन्ही काठांची जमीन व उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्या मंदिराला दिला. वर चित्रात राजा ख्नूम, सातेत आणि अनुकेत यांना अर्पण करतो आहे. कथा हृद्य आहे. मात्र जोसेर होऊन गेला इ.स.पू. २६५० च्या सुमारास, आणि लेखाची धाटणी आहे ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळची, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरची. बहुतेक अभ्यासकांचे मत असे की, ख्नूमच्या पुजाऱ्यांनी जमिनीवरचा आपला हक्क सिद्ध करण्यासाठी हा लेख कोरवला. जुन्या राजाच्या नावाने नवी सनद! देवाच्या नावाने इनाम राखण्याची कला कोणत्याही एका देशाची नाही. देवीच्या पाण्यातून दगड काढणारेही तेथेच होते आणि देवीच्या नावावर जमीन मागणारेही तेथेच होते. दोघांनाही आपण भक्त म्हणावे काय, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

पुढे ख्रिस्ती धर्म आला, मंदिरे ओस पडली. शेजारच्या फिली बेटावर चित्रलिपीतील अखेरचा ज्ञात लेख इ.स. ३९४ मधला आहे, आणि तेथील मंदिर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने बंद झाले. मग ती लिपीही कोणाला वाचता येईना. १८२२ मध्ये फ्रान्समध्ये शांपोलियोंने तिचे कोडे उलगडले. आणि दैवगती पाहा, त्याच वर्षी एलिफंटाइन बेटावर तोवर उभी असलेली दोन प्राचीन मंदिरे दगडांसाठी पाडली गेली. वाचता येऊ लागले, तेव्हाच वाचायचे पान फाटले.

नाव गेले, परंतु भाव गेला नाही. इजिप्तचे कोप्ट ख्रिस्ती आजही आपल्या उपासनेत नदीच्या पाण्यासाठी प्रार्थना करतात. मुसलमानी अमलात कैरोजवळच्या रोडा बेटावर इ.स. ८६१ मध्ये नवा नाईलमापक बांधला गेला, आणि पाणी पुरेसे चढले की नगरात उत्सव होई. जूनमधील एका रात्री आकाशातून एक थेंब पडतो आणि नदी चढू लागते, अशी श्रद्धा लोक बाळगीत. ती थेंबाची रात्र. धर्म दोनदा बदलला, नदीपुढची कृतज्ञता तीच राहिली.

त्या नदीचा पूर मात्र आता येत नाही. आस्वानला पहिले धरण १९०२ मध्ये झाले, आणि १९६० ते १९७० या काळात मोठे धरण झाले. वाढत्या लोकसंख्येला बारमाही पाणी आणि वीज मिळाली. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेत भीषण अवर्षण पडले, तेव्हा याच साठ्याने इजिप्तला तारले. हे मान्य केले पाहिजे. परंतु गाळ धरणाच्या पोटात अडकला; शेतीला खते विकत घ्यावी लागली; समुद्रकाठची जमीन झिजू लागली. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख नूबियन लोकांना घरे सोडावी लागली. ज्या मंदिरात अनुकेत राजाला दूध पाजते, ते बैत-अल-वालीचे मंदिरही जागेवरून उचलून उंचावर न्यावे लागले. प्राचीन मिसरमध्ये मृतात्म्याने देवसभेपुढे जी निर्दोषत्वाची साक्ष द्यायची, तिच्यात आपण वाहत्या पाण्याला त्याच्या ऋतूत अडवले नाही, हेही सांगावे लागे. याचा अर्थ धरण म्हणजे पाप असा घेऊ नये. दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी अडवू नये, आणि जे अडवले त्याचा हिशेब द्यावा लागेल, एवढे त्यात निश्चित आहे.

आता आरंभी म्हटलेली घरातील वस्तू पाहू. ती वस्तू म्हणजे वारी. वारी या शब्दातच ये-जा आहे. आषाढीला दिंड्या पुरासारख्या पंढरीत येतात, भीमेचे वाळवंट भरून जाते. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, आणि तोच जनसागर ओसरू लागतो. जाणे जितके वारीचे, तितकेच परतणेही वारीचे. आपण येण्याचे वर्णन फार करतो, परतवारीविषयी कोणी फारसे बोलत नाही. पंढरीत मिळालेले प्रेम गावच्या शेतात, संसारात, शेजारधर्मात पेरायचे, ते परतल्यावरच. पाणी ओसरल्यावाचून पेरणी नाही.

आणि येथेच अनुकेतेची कथा आपल्याला एक अवघड प्रश्न विचारते. नाईल ओसरे तेव्हा मागे काळे सोने ठेवून जाई. आपण लाखो जण चंद्रभागेवरून ओसरतो, तेव्हा मागे काय ठेवून जातो? वाळवंटात पडलेली पत्रावळी, प्लास्टिक, जुने कपडे, घाण. तो आपला गाळ. त्यात काय उगवणार? वारीच्या वेळी स्नानापुरते पाणीही पुष्कळदा उजनी धरणातून सोडावे लागते. अशा उसन्या पाण्याला माय म्हणून त्यातच घाण टाकणे, ही कोणती भक्ती? सातेत देते म्हणून घेणारे आपण, आवरून नेण्याच्या वेळी मात्र कोणाची वाट पाहतो?

खडकावरची ती आज्ञा पुन्हा आठवावी. कोळ्यांनी कालवा दरवर्षी साफ करावा. ज्या राजाने ती कोरवली त्याचे साम्राज्य गेले, त्याच्या देवांची पूजा गेली, पूरही गेला. पण आज्ञा खडकावर अजून आहे. आपल्या संतांनी तर आपल्याला खडकावर नव्हे, हृदयावर लिहून दिले आहे. प्रत्येक दिंडीने परतताना आपल्या राहुटीची जागा आणि आपल्यापुढचे चार हात वाळवंट झाडून निघावे. टाळ-वीणा जसे बांधून घेतो, तसा आपला केरही बांधून घ्यावा. एवढे झाले तर चंद्रभागेचे पाणी पुढच्या वारीला आपल्याला माय म्हणून कवेत घेईल, आणि ती हाक मारण्याचा अधिकारही आपल्याकडे राहील.

रामकृष्णहरि.